अर्धा सूर खाली

कस्टमवाल्याने कागदावर लिहिलं: फर्निचर, जुनं, एक नग.
एस्तेर रणभिसे म्हणाली, तसंच राहू द्या,
ड्यूटी कमी बसते.
मग टेम्पोत मागे, खोक्याला पाठ लावून,
खंडाळ्याच्या प्रत्येक वळणाला हात आडवा धरत
ती पुण्यात आली, सात वर्षं हॉलंडात काढून.

मी तेव्हा रविवार पेठेत पेट्या दुरुस्त करायचो.
ती दुकानात आली. म्हणाली, मिस्त्री, माझीपण पेटीच आहे,
फक्त तिला भाता नाही.
मग श्वास कुठून घेते?
घेतच नाही, म्हणाली. म्हणून तर सूर लगेच मरतो,
म्हणून तर इतके लागतात.

पंचहौदच्या चर्चमागे दोन खोल्या.
झाकण उघडलं: तारा, आणि प्रत्येक तारेशी लाकडाची चीप,
चिपेला नखाएवढं प्लास्टिक. तेच तार छेडतं.
पहिल्या मे महिन्यात आठवड्याला अकरा तुटली.
पूर्वी पिसं लावायचे, ती म्हणाली. कावळ्याची.
मी म्हटलं, मग पुण्यात काळजी कसली!

ओंकारेश्वरापाशी गुंड्या नावाचं पोरगं होतं,
दोन रुपयाला पीस. मोडकं आणलं तर एक.
मी ब्लेडने तासायचो, ती कान लावून बसायची.
एकदा म्हणाली, तिकडे भाताला शिवले नाहीत,
इथे तारेला बरे शिवतायत.
मला लगेच हसता आलं नाही.
आमच्या अण्णांच्या वेळी दुपारचे दोन वाजले होते.

सगळं ती अर्धा सूर खाली लावायची.
तीनशे वर्षांपूर्वी सूर इथेच होता म्हणे, आपण चढवत नेला.
आणि एक लांडगा होता.
बारा सुरांचा हिशोब कधी पुरा जुळत नाही, थोडं उरतंच.
ते उरलेलं ती एका कोपऱ्यात कोंडून ठेवायची,
तिथे बोट पडलं की गुरगुरायचा.
आम्ही पेटीवाले तो सगळ्यांत सारखा वाटून टाकतो.
कुणाला फार दुखत नाही,
कुणी पुरतं सुरातही नसतं.

कागदावर डाव्या हाताच्या सुरांखाली नुसते आकडे.
सहा. चार. सात.
बाकीचं?
बाकीचं तुझ्या संगतवाल्यासारखं, म्हणाली,
समोरच्याचं तोंड बघून भरायचं.

समोर अकरा तोंडं.
पोलीस बँडातून निवृत्त झालेले कदम, व्हायोलिन.
दातांचे डॉक्टर मिस्त्री (आडनाव, मी नव्हे), चेलो.
वानवडीच्या दोन अबोल बहिणी.
हिचे दोन्ही हात पट्ट्यांवर गुंतलेले,
म्हणून ही हनुवटीने चालवायची सगळ्यांना.
कदम म्हणायचे, बँडमास्तरची काठी चौदा दिवसांत कळली,
या बाईंची हनुवटी कळायला दोन वर्षं गेली.

पहिल्या कार्यक्रमाला चौतीस माणसं.
मागून एक गृहस्थ ओरडले, काही ऐकू येत नाही, माईक लावा.
ती थांबली. म्हणाली, तुम्ही पुढे या ना.
आले. खुर्ची फरफटत आणली.
पेपरात छापून आलं: सुश्री रणभिसे यांचे सुरेल पियानोवादन.
पाच वर्षं ती दुरुस्तीची पत्रं लिहीत होती.
सहाव्या वर्षी नुसतं कात्रण कापून ठेवलं.

आता उजव्या हाताची करंगळीशेजारची उठत नाही.
परवा पेटीवर शार्वी तांबट बसली, तिचीच विद्यार्थिनी,
आणि एस्तेर पहिल्यांदा पुढे उभी राहिली, नुसती.
दोन्ही हात मोकळे.
त्यांचं काय करायचं ते तिला कळेना.
एकदा पदर सारखा केला. एकदा चष्मा.
मग ते पाठीमागे एकमेकांत धरून ठेवले,
आणि हनुवटी खाली आली.

मी तिसऱ्या रांगेत होतो.
खालच्या सा चं पीस आदल्याच दिवशी बदललं होतं,
जरा जाड राहिलं की काय,
तेवढंच ऐकत बसलो.