अकोळ रोडचं लॉन

एप्रिल अर्धा सरला आणि कार्यालयामागचं लॉन
जर्द्यागत वाळलं.
मगदूमसाहेब गॅलरीतनं म्हणाले, मेलंय हे.
सतरा तारखेला शिरगुप्प्यांचं लग्न,
कोल्हापुरास्नं प्लास्टिकचा गालिचा मागव, हिरवा.

मी वहीत मांडलं : गालिचा, चार हजार फूट.
वही मिटेपर्यंत निंगव्वा
लॉनवर उकिडवी बसलेली,
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी.

तिनं पाऊल दाबलं, उचललं.
ठसा तसाच. गवत उठेना.
"तहान," ती म्हणाली.
मग मूठभर पातं धरून वर ओढलं :
मुळं सोडेनात.
"हुमणी न्हाई. असती तर
चादरीगत हातात आलं असतं."
मग माझ्याकडं स्क्रूड्रायव्हर मागितला,
माईकच्या पेटीतला,
आणि मातीत खुपसला.
बोटभर गेला. थांबला.

एकोणचाळीस लग्नं बसली होती त्या मातीवर.
बूट, बँडवाले, पंगती,
आणि टेम्पो, जो आत आणू नये असं
पाटीवर दोन्ही भाषांत लिहिलंय.
रोज सांजेला मी मारलेलं पाणी
वरच्यावर उडून जायचं.
हे ती बोलली नाही.
नळीकडं बघितलं तिनं, मग माझ्याकडं.

कोपऱ्यात काळं वर्तुळ, आचाऱ्याच्या भट्टीचं.
"हे गेलं."
बाकीच्यावर तळवा फिरवत :
"सत्तिल्ल. मलग्याद."
मेलं नाही, निजलंय.

आणि मग तिनं बोट दाखवलं.
स्टेजपासनं फाटकाकडं
पिवळ्यात हिरवे ठिपके,
एक डावा, एक उजवा.
मागच्या रिसेप्शनला धूळ नको म्हणून
मी लॉन भिजवून ठेवलेलं,
आणि कुणी एक पोरगी
उंच टाचांच्या सँडलवर
आहेर द्यायला चालत गेली.
टाच जिथं रुतली
तिथं पाणी खाली उतरलं.

मी त्या अनोळखी बाईच्या मागनं
ठिपक्याठिपक्यानं फिरलो.
फोटोला ती उभी राहिली नाही.
भज्यांपाशी मात्र बराच वेळ.

चार दिवस आम्ही पहारीनं भोकं पाडली, वीतवीतभर अंतरावर.
मशीनचं पातं दोन बोटं वर घेतलं.
युरियाचं पोतं होतं तिथंच राहिलं.
पाणी पहाटे, तिसऱ्या दिवशी, पोटभर.
निंगव्वाच्या सांगण्यावरनं पाटीखाली खडूनं वाढवलं :
टाचा चालतील.

सतरा तारखेला लॉन हिरवं झालं असं नाही.
गालिचा फक्त भट्टीच्या जागी पडला.
बाकी पिवळंच, कुठं कुठं पोपटी.
पण वरातीतली पोरं नाचून बाजूला झाली
आणि मी वाकून बघितलं :
पातं एकेक करून
उभं राहत होतं.