हेडाऊचं सामान

सामान एकूण पाच नग :
एक मोठा ढोल, दोन लहान, एक स्नेअर,
आणि झांजांची पेटी, जिच्यावर त्यानं खडूनं लिहिलं होतं ‘भांडी’,
पार्सलवाल्यानं जास्त विचारू नये म्हणून.
मी ऑटोवाला. तांडापेठ ते अजनी, अकरा वर्षं.
भाडं कधी दिलं, कधी म्हणाला, “लिहून ठेव बे.”
लिहून ठेवलं. वही आहे अजून.

दौलत हेडाऊ. बाप कोष्टी, खड्ड्यात पाय सोडून
नऊवारी विणायचा.
खट् खटाक्, खट् खटाक्,
मध्येच सूत तुटायचं. माग गप्प.
बाप बोटाला थुंकी लावून गाठ मारायचा,
मग परत खट्.
“खटाक् तर गल्लीत सगळ्यायले येते,” दौलत म्हणायचा,
“मी गाठ शिकलो.”

पंधराव्या वर्षी धुमाल पार्टीत शिरला.
वराती नाचायच्या ते बरोबर, पण याच्या ढोलावर
नवरदेवाचा मामा हमखास पाय चुकायचा.
तिथून काढला.
मग अजनीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये
क्लॅरेन्स नावाच्या रिटायर गार्डनं
त्याच्या हातात तारांचे ब्रश दिले,
म्हणाला, “मारू नको. झाड.”
तीन महिने तो एकाच चामड्यावर झाडत होता.
बायको शेजारणीला सांगायची, घरी कधी झाडू धरला नाही यानं.

मुंबईत चार वर्षं, हॉटेलात.
मॅनेजर म्हणाला, तू मध्येच थांबतोस,
लोकांचा घास हुकतो.
परत आला तेव्हा मोठ्या झांजेला तडा होता.
ती त्यानं कधी बदलली नाही.

एका रात्री दोन वाजता मला पुलावर थांबवलं.
खाली डायमंड क्रॉसिंग. रूळ रुळाला छेदून जातो,
हावड्याकडून मालगाडी, मग दिल्लीकडची,
तो मांडीवर एका हातानं सात, दुसऱ्यानं पाच.
“ऐकू आलं?”
मला आलं ते एवढंच की मीटर चालू राहिला.
दोन वर्षांनी त्याच नावाची रचना झाली,
चार ड्रमवाले, चार कोपऱ्यांत, मध्ये लोक.
लोक म्हणजे एकतीस. मी धरून.

मे महिना, सदरचा हॉल, शेहेचाळीस डिग्री.
कूलरच्या पंपासाठी एक तुकडा त्यानं लिहिला होता,
खस, पत्रा, टपटप, त्यावर ब्रश.
अर्ध्यात लाइट गेली.
पंखा हळू हळू मरत गेला.
दौलतनं काठी वर धरली ती धरलीच.
टाकीत एक थेंब पडला. मग बऱ्याच वेळानं दुसरा.
कुणीतरी विचारलं, “झालं का?”
कुणीतरी खुर्ची सरकवून निघून गेलं.
तिसरा थेंब पडायच्या आत
त्यानं तडा गेलेल्या झांजेला नुसतं टोकानं शिवलं.
माझ्या पाठीतून घाम उतरत होता, तो थांबला.
हे मी कुणाला सांगितलं नाही,
ऑटो स्टँडवर काय सांगणार.

पुढं जर्मनीहून बोलावणं, रेकॉर्ड, कव्हरवर नाव चुकलेलं.
पेपरात दोन ओळी : तांडापेठच्या ढोलवाल्याची विदेशवारी.
रेकॉर्ड बापाला ऐकवली.
म्हातारा तोवर अर्धा बहिरा,
कान डब्याला लावून बसला, मान खाली.
दुसऱ्या बाजूला, मधोमध कुठंतरी, बोट वर करून म्हणाला,
“हे पाय, इथं सूत तुटलं.”
त्या दिवशी दौलतनं अख्ख्या वहीचं भाडं दिलं.
मी पानं फाडली नाहीत.

आता त्याचं उजवं मनगट चालत नाही.
ढोल विकले. ‘भांडी’ तेवढी पलंगाखाली.
मी अजून ऑटो चालवतो.
परवा फाटकावर थांबलो, मालगाडी गेली, दांडा वर झाला,
मागच्या पोरानं खांद्यावर टपली मारली,
“काका, खुललं ना गेट! थांबले काऊन?”

मी म्हटलं, एक मिनिट.