चाळिसाव्या पानावरची पेन्सिल

ईस्टरच्या आठवड्यात आमच्याकडे माणसं मारायची पद्धत आहे.
पुस्तकांत.
बर्फ अजून कुंपणाच्या खांबांएवढा,
स्की दाराशी टेकवलेल्या, मोजे शेगडीवर वाळताहेत,
बशीत संत्र्याची सालं,
आणि वाल्ड्रेसच्या डोंगरात जिथं जिथं धूर दिसतो
तिथं कुणीतरी पालथं पडलेलं असतं,
पाठीत सुरी,
पान सतरा.

मी यंदा नऊ वाचली.
एकतीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांच्या फायली तपासल्यात.
जळालेली कोठारं, बुडालेल्या होड्या,
दोनदा चोरीला गेलेली तीच एक अंगठी.
खोटं मला वासावरून कळतं.

पहिल्यात काचेचं घर, देखणा नवरा,
स्वयंपाकात तरबेज.
त्यानं लसूण सोलायला घेतला तेव्हाच म्हटलं, हाच.
हाच निघाला.
हल्ली नवऱ्याला फोडणी नीट जमली
की लेखकांना त्याचा संशय येतो.
माझ्या हाल्वोरला अंडं उकडता यायचं नाही.
चाळीस वर्षं मी निर्धास्त झोपले.

दुसऱ्यातला पोलीस घटस्फोटित. तिसऱ्यातलाही.
चौथ्यातल्याला वर समुद्राची भीती,
आणि नेमणूक बेटावर.
अरे बाबा, बदलीचा अर्ज कर की!

पाचव्यात साप साप म्हणून
तीनशे पानं भुई धोपटली.
साप आला शेवटच्या प्रकरणात,
टॅक्सीनं.
ऐन वेळी असा नवा साक्षीदार कुणी आणला
की मी फायलीवर लाल शाईनं लिहायची:
नामंजूर.

आणि त्या जंगलात सापडणाऱ्या मुली.
त्यांना शोधणाऱ्या कुत्र्याचं नाव कळतं,
कुत्र्याच्या मालकाचं दुखरं गुडघं कळतं,
मुलीला मात्र पन्नासाव्या पानानंतर
कुणी हाक मारत नाही.
तिची दातांच्या डॉक्टरकडची वेळ कुणी रद्द केली?
तिच्या कुंडीला पाणी?
मला असले प्रश्न पडतात. लेखकांना नाही.

सहावं चांगलं होतं.
त्यात खून नाहीच.
आईच्या माघारी दोन बहिणी चमचे मोजतात. अकरा.
दुसऱ्या दिवशी मोजतात.
बारा.
मी उठून दाराला कडी लावून आले.

सात, आठ, नऊ
तिन्हींत बाईला काही आठवत नाही.
रक्त तिच्याच बाहीवर, आणि आठवत नाही.
मग तीनशे दहाव्या पानावर कसलासा वास येतो
आणि आठवण परतते,
तारीखवार, घडी न मोडलेली,
जशी टपालानं यावी.

इथं मी चष्मा काढला.

कारण पाचवं पुस्तक, ते टॅक्सीवालं, वाचनालयाचं आहे,
आणि त्याच्या चाळिसाव्या पानावर
समासात पेन्सिलीनं लिहिलंय:
‘डॉक्टरच! — तु.’
तु म्हणजे तुर्दिस, आमची शेजारीण.
आमच्या वाचनालयातल्या प्रत्येक रहस्यकथेत
चाळिसाव्या पानावर तिचा निकाल लागलेला असतो,
आणि आजवर एकदाही
बरोबर आलेला नाही.

आता ती फागरनेसच्या वृद्धाश्रमात.
दर गुरुवारी मी बसनं जाते,
हेच पुस्तक पहिल्यापासून वाचते.
दर गुरुवारी ती दचकते त्याच जिन्यावर,
चाळिसाव्या पानाशी माझं मनगट धरून म्हणते,
डॉक्टर!
तीनशे पानं ऐकायला वेळ कुठला.
जेवणाची घंटा होते,
आणि डॉक्टर गुन्हेगारच राहतो.

कुठला वास काही परत आणत नाही.
मी कॉफी नेली, देवदारची फांदी नेली,
तिच्या तळघरातला जुना ओव्हरकोटसुद्धा नेला.

गेल्या गुरुवारी तिनं पुस्तक हातात घेतलं,
समासाशी बोट नेलं, कपाळाला आठ्या.
‘वाचनालयाचं पुस्तक! कुणी केलं हे?’
मग माझ्याकडे बघून, जरा सावधपणे:
‘आणि तुम्ही कोण?’

तिच्या स्वेटरच्या खिशातून
पेन्सिलीचं चावलेलं टोक डोकावत होतं.

म्हटलं,
तपास चालू आहे.