दांडी

पेर्निकच्या शाळेखालचं तळघर तसंच होतं.
ओल्या सिमेंटचा वास, खडूची पत्र्याची तगारी,
आरशाला तोच तडा, उजव्या खांद्यापाशी.
माझी वहीसुद्धा खिळ्याला टांगलेली.
शेवटच्या पानावर माझ्याच हाताने लिहिलेलं:
एकशे दहा. तीन वेळा. खाली दोन रेघा.

मधले अकरा महिने मी जर्मनीत होते,
उल्म गावी, फ्राउ ओटिलीएच्या घरी,
पहाटे तिला कुशीवर वळवत,
दुपारी खुर्चीत, रात्री परत अंथरुणात.
माणूस उचलायचं तर पकड मऊ लागते.
खडू चालत नाही.

ल्युबेन दाराशी सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेला,
सत्तरी ओलांडलेला, टरफलं खिशात टाकणारा.
"आलीस?" एवढंच म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने,
"रिकाम्या दांडीने सुरू कर. दोन आठवडे."
मला हसू आलं.
अकरा महिन्यांची दांडी मारून आलेय खरी,
पण रिकामी नव्हते बसले;
ऐंशी किलोची बाई दिवसातून सहा वेळा उचललीय,
आणि हे लोखंड तर विव्हळतही नाही.

पहिल्या दिवशी साठ. लोण्यातून सुरी.
तिसऱ्या दिवशी नव्वद.
अंगात जुनी झिवका शिरली, वहीतली,
आकड्याखाली दोन रेघा ओढणारी.
मांड्यांना सगळं आठवत होतं.
पाठीच्या रुंद मांसाला आठवत होतं.
आठवत नव्हतं ते फक्त
मांस हाडाला बांधून ठेवणाऱ्या पांढऱ्या दोऱ्यांना,
ज्यांच्याकडे आरशात कुणी बघत नाही.

पाचव्या दिवशी एकशे दहा लावलं.
पुस्तकात जिथे खूण घातली तिथून पुढे वाचायचं,
इतकं साधं.
वाकण्याआधी ल्युबेनकडे पाहिलं.
त्याने मान हलवली, वर-खाली.
मी वाकले.

इथे एक सांगायला हवं.
आमच्याकडे मान वर-खाली म्हणजे नाही.
जन्मापासून ठाऊक आहे मला.
दूध हवं? वर-खाली. नको.
लग्न करशील? वर-खाली.
त्या बिचाऱ्यालाही लगेच कळलं होतं.
पण ओटिलीएचं बोलणं गेलं
तेव्हापासून ते घर तिच्या मानेवर चालायचं.
वर-खाली: हो, पाणी.
वर-खाली: हो, दुखतंय.
वर-खाली, शेवटच्या आठवड्यात, मी न विचारताच.
माझे डोळे तिच्या मानेला सरावले होते.

निदान सगळ्यांना मी असंच सांगते.

दांडी गुडघ्यांच्या वर आली.
आवाज मोठा नव्हता,
ओलं फडकं पिळल्यासारखा, कंबरेत डावीकडे.
प्लेटा आदळल्या तो मात्र मोठा:
वरच्या वर्गात पाढे म्हणणारी पोरं
सात सक्कंवर थांबली.

उसण भरलीय, चार दिवसांत उठेन, मी म्हणत राहिले.
सहावा आठवडा चालू आहे.
शेजारची राडोस्तिना मला कुशीवर वळवायला येते,
पिठाचं पोतं धरावं तशी धरते.
मऊ धर, मी तिला शिकवते,
हाताचा तळवा आधी, बोटं नंतर.
शिकेल.

काल ल्युबेन आला. जिने चढून धापा टाकत,
एका हातात झाडूचा दांडा: "उठलीस की आधी हा,"
दुसऱ्यात माझी वही.
शेवटचं पान उघडून म्हणाला, "फाडू?"

मी मान हलवली, डावीकडून उजवीकडे,
जेवढी जात होती तेवढी.
तो जरा थांबला. बघत राहिला माझ्याकडे,
ही मान कुठल्या देशाची आहे, ते जोखत.

मग फाडलं,
आणि खिशातली टरफलं
त्यातच गुंडाळली.