व्यक्तिशः ओळखते

छापील मजकूर असा:
'सदर व्यक्तीस मी व्यक्तिशः ओळखते.'
खाली माझी सही, सहीवर जांभळा शिक्का,
शिक्क्यात प्रभागाचा आकडा पुसट,
तेवढ्याच जागी रबर झिजलंय.

नोव्हेंबरात पेन्शनवाले येतात
आपण हयात आहोत
हे माझ्या हातून लिहून घ्यायला.
पहिल्या आठवड्यात एकशे चौदा.
टेकवानी काका दारातूनच ओरडले,
"बघून घ्या मॅडम, अजून आहे!"
आणि काम झालं तरी बाकावरून हलले नाहीत,
पुढच्या प्रत्येकाला विचारत राहिले,
"तुम्ही कधीपासून जिवंत?"

त्यांना ओळखते.
उरलेल्या एकशे तेरांतले वीस.
फार तर पंचवीस.
सह्या सगळ्यांवर आहेत.

कोपरीत मिठागराकडे उतरणाऱ्या गल्लीत
एकेचाळीस नंबरचा खांब जूनपासून आंधळा.
कनिष्ठ अभियंता पाटोळे म्हणाले,
केबल जमिनीखाली तुटली आहे, खोदावं लागेल.
रस्ते विभाग म्हणाला, खोदता येणार नाही,
पेव्हर ब्लॉक नवे आहेत,
नारळ तर तुम्हीच फोडला होता मॅडम.
फोडला होता.
फोटोत मी हसतेय आणि मागे
तो खांब आहे.

रात्री दीडला फोन. "साहेब आहेत का?"
विनायक झोपेतच फोन माझ्या कानाशी धरतो,
"देतो हां, साहेब बोलतील."
चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही.
दीड वाजता मी ते कसं चढवणार?
तरी उठून बसते, इमारतीचं नाव लिहून घेते,
लिहिल्याशिवाय मलाच झोप येत नाही.

सतरा तारखेला शाळेच्या कोपऱ्यावरचं
गटाराचं झाकण चोरीला गेलं.
नवं येईपर्यंत त्या भोकात
कुणीतरी बाभळीची फांदी रोवली,
कुणीतरी तिला लाल फडकं बांधलं,
तिसऱ्या दिवशी तिथे
दोन झेंडूची फुलं आणि अगरबत्ती.
पाटोळे म्हणाले, आता काढायची कशी?

महासभेत माझा विषय ऐंशीवा.
पंचावन्नावर जेवण, साठावर भांडण,
मग दमलेल्या आवाजात
मंजूर, मंजूर, मंजूर.
शेजारच्या फुलोरे बाई आवळासुपारी पुढे करत म्हणाल्या,
"झाला ना तुमचा?"
मी म्हटलं, झाला असावा.
बाहेर येऊन शिपायाला विचारलं.
त्याने कागद पाहिला आणि मान हलवली,
होय म्हणून की नाही म्हणून,
ते जिना उतरेपर्यंत कळलं नाही.

होय होतं.
एकोणतीस तारखेच्या संध्याकाळी
एकेचाळीस नंबर लागला.
पाटोळेंनी फोटो पाठवला,
फोटोत नुसता उजेड, बाकी काही दिसत नव्हतं.

तीस तारखेला सकाळी सातला
त्याच गल्लीतली पहिल्या मजल्यावरची सुनबाई दारात:
दिवा थेट खिडकीत येतो,
बाळ रात्रभर टक्क जागं,
काहीतरी करा ना.
लिहून घेतलं.

रात्री जेवण झाल्यावर एकटीच गेले बघायला.
पर्स नाही, शिक्का नाही, पायात घरातल्याच चपला.
खाडीवरून चिखलाचा वास येत होता.
खांबाखाली एक पोरगा सायकल उलटी करून
चेन बसवत होता,
बोटं कोपरापर्यंत काळी.
मान वर न करता म्हणाला,
"कोण पाहिजे, काकी?"

मी म्हटलं, कोणी नाही.
इथेच राहते, पलीकडे.

त्याने एकदा नीट पाहिलं माझ्याकडे,
"बरं" म्हणाला,
आणि म्हणाला, जरा चाक धरता का?

धरलं.