भरती

मुहर्रकच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर
एसीखाली माझं यंत्र:
एक पडदा, एक स्पीकर,
केसाएवढी एक सुई.

अश्फाक मुकादम. हर्णैचा.
आडनाव मुकादम, काम मासळीबाजारात बर्फाच्या लाद्या वाहण्याचं.
लादी सटकली ती गुडघ्यावर, बाहेरच्या अंगाला,
जिथून नस हाडाला चिकटून उघड्यावरून जाते
भिंतीवरच्या वायरीसारखी.
तेव्हापासून डावं पाऊल उचलत नाही.
चालताना फरशीवर आपटतं: थप्प.

मी म्हटलं, आधी उजवा. चांगला.
पाऊल वर घ्या.
नाही, इतकं नाही.
घ्यावं की नको असा विचार करताय, इतपतच.

टक्. टक्. टक्.

हा पहिला. कण्यात बसलेला सगळ्यांत लहान धनी,
हाताखाली मोजके तांबडे तंतू.
जोर चिमूटभर, पण दमत नाही.
गिऱ्हाईक तासभर घासाघीस करतं
आणि तुम्ही नुसते उभे असता ना,
तेव्हा उभा असतो तो हाच.

अजून थोडं.
दुसरा आला. मागून तिसरा, जाड आवाजाचा.
आता मी दाबून धरते, तुम्ही लावा ताकद—
आणि स्पीकर तडतडला
कढईत मूठभर मोहरी पडावी तसा.
सगळ्यांत शेवटी आले पांढुरके, दांडगे,
लादी खांद्यावर घेण्याच्या त्या एका क्षणाचे,
मिनिटभरात धापा टाकणारे.

"मोठे आधी का नाय येत?
ट्रक आला की आमच्यात आधी दांडग्यांनाच हाळी."
मी म्हटलं, इथे हुकूम सगळ्यांना एकच जातो.
लहानाला तो कुजबुजीतही ऐकू येतो,
थोराडांसाठी ओरडावं लागतं.
आमच्या पुस्तकात याला भरती म्हणतात.

तो खिडकीकडे बघून हसला.
पाणी उतरलेलं, होड्या चिखलात कुशीवर.
"भरती त्या पाण्याला येते, बाय.
माझी झाली एजंटच्या ओटीवर.
साठ हजार घेतलेन त्याने."

मग डावा.
लावा जोर.
टक्.
अजून.
टक्टक्.
सगळा, अश्फाकभाई, सगळा!
टक्टक्टक्टक्टक्
पण तोच.
दुसरा कुणी येतच नव्हता.
वरून हुकूम वाढत गेला
आणि खाली तो एकटा, तीन पाळ्या अंगावर घेऊन,
धावत राहिला.
पाऊल तसंच लोंबतं,
कपाळावर घाम.

रिपोर्टात लिहिलं: भरती कमी.
"काय लिवलंस?"
एक जण कामावर आहे, मी म्हटलं.

पाच महिन्यांनी आला तेव्हा ईद होऊन गेलेली.
डब्यात शीरखुर्मा आणला होता, वाटेत सांडून अर्धा उरलेला.
सुई त्याच जागी.

ठक्क.

पडद्यावर उंच, दातेरी, ओबडधोबड.
तोच. ओळखू येईना असा.
शेजाऱ्यांच्या तारा तुटलेल्या, त्यांचे तंतू बेवारस;
याने बोटं लांबवून एकेकाला हाताशी धरलं,
पांढऱ्यांनासुद्धा.
आणि ते हळूहळू तांबडे व्हायला लागले म्हणे,
कारण तंतूला स्वतःची अशी जात नसते,
ज्या तारेशी जोडला जाईल तिची सवय लागते.
(हे मी मिरजेला परीक्षेत लिहिलं होतं, पाच मार्कांना.
तेव्हा पाठ होतं फक्त.)

पाऊल उचललं. दोन बोटं.
लादीसाठी नाही,
चप्पल फरशीत अडकू नये एवढ्यापुरतं.

"आता परत घेतील ना कामावर?"

या प्रश्नाला माझ्या यंत्रात आवाज नाही.
सुई काढली, कापूस धरला,
रक्ताचा एक ठिपका.

लिफ्टपर्यंत त्याच्या डाव्या पायाची अठरा पावलं.
मागच्या खेपेला मी अठरा थप्प मोजल्या होत्या.
आज अकरा.
उरलेली सात कुठे कुठे टेकली
ते दाराआडून कळलं नाही.