सहा वीसची गाडी

विट्याच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला,
"बोअरची पाइप मधल्या वाटेत आडवी टाका."
मी म्हटलं, भाला आहे.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पाइपकडं,
दोन्ही टोकांना ठोकून बसवलेल्या निळ्या टोपणांकडं,
आणि सामानाचं तिकीट काढलं.

तासगावपर्यंत लोक तो ओलांडत चढले.
एका म्हातारीचा पाय लागला,
तिनं वाकून पाइपला नमस्कार केला.

फेब्रुवारीपासून माझं कोपर माझं नव्हतं.
आधी बर्फाचं, मग मलमाचं,
मग "आराम कर" म्हणणाऱ्या सगळ्यांचं.
उन्हाळाभर मी रबर खेचलं,
कडबा डाव्या हातानं उचलला,
आणि आईनं भाला दोन खुंट्यांवर टाकून
त्यावर ओले टॉवेल वाळत घातले.
सोयीचा आहे म्हणाली.

सांगलीच्या मैदानात ऑगस्टात नदी येऊन गेलेली.
भिंतीवर माझ्या छातीएवढी तिची रेघ,
गवतावर गाळ,
वरून पापडासारखा तडकलेला.
आमच्या लेंगऱ्यात एवढं पाणी कुणी पाहिलं नाही.
मी धावायला शिकले तीच टँकरमागं,
घागर घेऊन.

माइकवर हाक आली:
चेस्ट नंबर सतरा, वैजयंती जानकर.
वैजयंता, मी मनात म्हटलं.
पहिली फेक: पाय रेघेवर. लाल झेंडा.
दुसरी: भाला शेपटीवर पडला,
पायरी चुकलेल्या पाहुण्यासारखा घसरत गेला.
लाल.
कुंभार सर ओरडले नाहीत.
नुसती टोपी काढली,
आत बघितलं, परत घातली.
नऊजणी होतो. तिसऱ्या फेकीनंतर
एकीला बाकावर जायचं होतं.

मुठीची दोरी घामानं काळी पडलेली,
मनाच्या आधी ती बोटांना आठवली.
पावलं सरळ, सरळ, मग आडवी,
डावा पाय रुतला,
आणि कोपरातली ती कळ
आलीच नाही.
मी तिची वाट बघत राहिले.
तिच्याविना फेकतात कसं
हे आठवायच्या आत
हात मोकळा झाला होता.

वर थरथरत गेला.
मग शहाणा झाला, नाक खाली घातलं,
आणि ओल्या रानात कुदळ बसावी
तसा बसला.

पांढरा झेंडा. छत्तीस ऐंशी.
गेल्या वर्षी एकेचाळीस होते.
पुढच्या तिन्ही फेका त्याहून आखूड.
चौथी आले. मिरजेच्या पोरीनं हात मिळवला,
तिचाही तळवा सोललेला.

चुन्याच्या रेघा पुसट झाल्यावर
मी एकटी चालत गेले, ते भोक शोधलं.
तळाशी पाणी चढत होतं.
रुपयाएवढं, गढूळ.
बोट घातलं तर गार.

परतीला तीच गाडी, तोच कंडक्टर.
दात काढून म्हणाला,
"काय मग, पाणी लागलं का?"
"लागलं," मी म्हटलं. "छत्तीस मीटरवर."
त्याचं हसू थांबलं.
तोही खानापूर तालुक्यातलाच असणार.
"गोडं हाय?" त्यानं खरोखर विचारलं.

माझ्या नखात अजून गाळ होता.
"पुढच्या महिन्यात सांगते," मी म्हटलं.
त्यानं मान हलवली,
पाइप ओलांडून पुढं गेला,
आणि या खेपेला
सामानाचं तिकीट काढलं नाही.